गुडघे थकले, हात जाणते राहिले: वणीकडच्या एका जिनिंगचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात, वणी–मारेगाव पट्ट्यात, रस्त्याला लागून एक जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. सरकी काढणारी 24 डीआर मशीन, गाठी बांधणारा एक प्रेस, सरकीचं गोदाम आणि समोर कापसाच्या गंज्या मारायला मोकळं मैदान. दसऱ्याच्या सुमाराला पहिल्या गाड्या लागतात, मार्च-एप्रिलमध्ये उलंगवाडी होते म्हणजे कापूस संपतो, मग पावसाळा सरेपर्यंत फाटकाला कुलूप. पीएफ आणि हजेरीच्या कामासाठी माझं तिथे जाणं-येणं असतं. जिनिंगचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. जे तिथे घडलं ते हिंगणघाटपासून अकोटपर्यंत कुठल्याही जिनिंगमध्ये घडू शकतं, आणि घडतंही आहे.

तीन हंगामांपूर्वी मोठ्या सेठांनी कारभार मुलाच्या हाती दिला. मुलगा नागपुरात शिकलेला इंजिनिअर, हिशेबाला चोख, माणसांशी वागायला सरळ. हंगामाच्या तोंडावर त्याने हजेरीची वही उघडली आणि कारखाना म्हातारा झालाय हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. मुख्य फिटर 63 वर्षांचा. रोलवर खाचा मारणारे दोघं साठीच्या आसपास. प्रेसवरचे, हमाल, कचरा वेचणाऱ्या बाया, सगळे पंचेचाळीस ते पासष्टच्या मधले. पस्तिशीच्या आतला माणूस शोधून काढावा लागत होता.

याची कारणं गावात कोणालाही विचारा, तो सांगेल. वणीला कोळशाच्या खाणी आहेत. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणींवर ठेकेदारीत, कोळशाच्या ट्रकवर बाराही महिने काम मिळतं. बाकीची पोरं बुटीबोरी, पुणे, चाकणकडे जातात. पाच-सहा महिन्यांचं धुळीचं काम, तेही उलंगवाडी झाली की बंद, यासाठी पोट्टं गावात थांबत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या माणसांचं प्रमाण 9.9 टक्के होतं. तरुण निघून गेलेल्या गावात सकाळी पारावर बसलं तर हा आकडा फार तोकडा वाटतो.

छोट्या सेठने सरळ विचार केला. फिटरकाकांचे गुडघे गेलेत, लोखंडी शिडी चढताना ते दर पायरीला थांबतात, उद्या पडले तर काय? त्यांना शाल-श्रीफळ दिलं, वर थोडी रक्कम दिली आणि सांगितलं, "काका, लई केलं तुम्ही. आता आराम करा." ठेकेदारामार्फत आयटीआय झालेली चार पोरं आणली. त्याच्या वागण्यात दुष्टपणा नव्हता, उलट काळजी होती. म्हाताऱ्या कामगाराचं नुकसान बहुतेक वेळा अशा काळजीतूनच होतं, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या हंगामात काय बिघडलं

पोरं वाईट नव्हती. बेअरिंग बदलायची, पट्टा चढवायचा, पॅनेलमधला बिघाड शोधायचा, हे त्यांना काकांपेक्षा चांगलं जमत होतं. अडलं ते रोलच्या दाबावर.

डीआर म्हणजे डबल रोलर. कातड्याचे दोन रोल फिरतात, त्यांच्या खरखरीत पृष्ठभागाला रुईचे धागे चिकटतात आणि पक्क्या पट्टीखालून ओढले जातात. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही. हलती पट्टी तिला ठोकते आणि ती खाली जाळीतून पडते. सगळा खेळ पक्क्या पट्टीच्या दाबाचा आणि दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा आहे. दाब कमी पडला तर सरकीवर रुई राहते. जास्त झाला तर रोल तापतो, कातडं लवकर झिजतं, धागा दुखावतो. हलत्या पट्टीचं अंतर चुकलं तर सरकी फुटते आणि तिची टरफलं रुईत जातात. आणि एकदा नीट केलेली जुळणी कायम राहत नाही. नोव्हेंबरात पहिल्या वेच्याचा कापूस दवाने ओलसर असतो, जानेवारीत कोरडा ठणठणीत होतो, शेवटी फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांचा कापूस, येते तिचं वागणं आणखी वेगळं. काका सकाळची जुळणी दुपारी बदलायचे. पोरांनी ती एकदा केली आणि मशीन चालवत राहिली.

याचा पैशातला अर्थ समजून घ्यावा. कापसातून रुईचा उतारा साधारण 33 ते 35 टक्के येतो. दिवसाला 500 क्विंटल कापूस काढणाऱ्या जिनिंगमध्ये हा उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर अडीच क्विंटल रुई गेली. गाठ 170 किलोची असते, म्हणजे रोजची जवळपास दीड गाठ. ती कोणी चोरत नाही. सरकीला चिकटून ती ऑइल मिलच्या ट्रकमध्ये चढते आणि सरकीच्या भावाने विकली जाते. हजेरीच्या वहीत म्हाताऱ्या फिटरचा पगार दिसतो, ही दीड गाठ कुठल्याच वहीत दिसत नाही.

संक्रांतीनंतर मोठे सेठ स्वतः काकांच्या घरी गेले. काका यायला तयार झाले, पण अट घालून. "सेठ, मले आता शिडी जमत नाही. मी खालून सांगीन, पोट्टं वर चढंन. चालत असंन त येतो."

एका माणसाच्या कामाचे तुकडे

छोट्या सेठला ही अट आधी सवलत वाटली. खालून नुसतं सांगणाऱ्या माणसाला पूर्ण पगार कशाचा? मग त्याने एक गोष्ट केली जी मी फार थोड्या मालकांना करताना पाहिली आहे. काकांच्या सोबत पूर्ण पाळी उभं राहून ते नेमकं काय काय करतात ते लिहून काढलं. वहीच्या पानावर पाच रकाने पाडले: गुडघे, डोळे, कान, हात, आठवण. जे काम दिसेल ते कशाच्या जोरावर होतंय त्या रकान्यात टाकायचं.

संध्याकाळी पान पाहिलं तर गुडघ्यांचा रकाना भरून वाहत होता. चढणं, उतरणं, वाकून पाना आवळणं, वंगण देणं, हत्यारांची पेटी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेणं. यात दिवस जात होता. हात आणि आठवणीच्या रकान्यात नोंदी थोड्या होत्या, आणि जिनिंगचा नफा तेवढ्याच नोंदींवर उभा होता. तरुणपणी एकच माणूस हे सगळं करू शकत होता म्हणून ते एक काम मानलं गेलं. ते दोन कामं आहेत आणि दोन माणसांत वाटता येतात, हा विचार त्या पानापर्यंत कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

कानाचा रकाना मात्र जवळपास रिकामा राहिला, आणि त्याचं सगळ्यांना नवल वाटलं. काका आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतात अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. त्या दिवशी ते अकरा नंबरच्या मशीनपाशी थांबले. चौकटीच्या खालच्या पट्टीवर तळहात ठेवला, अंगठा जरा सरकवला, डोळे भलतीकडेच. मग पोराला खूण केली, "डाव्या अंगाचा रोल पाय, तापून राह्यला." पोराने मशीन बंद केलं, वर जाऊन हात लावला आणि झटकन मागे घेतला. सेठने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "कानाले कुठं काय समजते आता. हाताले समजते." पुढे कानांची तपासणी झाली तेव्हा उंच पट्टीचे आवाज त्यांना जवळपास येतच नाहीत असं निघालं. तीस हंगाम त्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? जिनिंगमध्ये कानात बोळे घालायची शिस्त आजही नाही, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

या माहितीने एक धोकाही समोर आला. मागून कोणी "सरका" म्हणून ओरडलं तर काकांना ते ऐकू जाणार नव्हतं. म्हणून मशीन चालू करण्याआधी लाल दिवा लावायचा, आणि काकांनी हात वर केल्याशिवाय कळ दाबायची नाही, असा नियम झाला.

बाकीचे बदल साधे होते. उभ्या लोखंडी शिडीच्या जागी रुंद पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला जिना आला, तो गावातल्याच वेल्डरने केला. हत्यारांना चाकाची गाडी मिळाली. पट्टीच्या फटीवर उजेड पडेल असे एलईडी लागले, कारण साठीच्या डोळ्यांना तिशीच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. दोन मशीनच्या मधे बसायला उंच स्टूल आलं. काकांची पाळी सकाळी नऊ ते तीन ठरली, रात्रपाळी पूर्ण बंद. जिना झाल्यावर काका एक-दोनदा वर जाऊनही आले. तोवर शिडी चढता येत नाही याचा अर्थ वर जाता येत नाही असाच घेतला गेला होता.

मोटारगाड्या बनवणाऱ्या बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये जर्मनीत डिंगोल्फिंगच्या कारखान्यात असाच प्रयोग केला होता. एका लाइनवर मुद्दाम सरासरी 47 वर्षं वयाची माणसं ठेवली आणि काय त्रास होतो ते त्यांनाच विचारलं. लाकडी फरशी, बसायच्या खुर्च्या, भिंगं असे सुमारे 70 लहान बदल केले. वर्षभरात त्या लाइनची उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे 47 वर्षांचा माणूस जिनिंगमध्ये तरुणात मोजला जातो, एवढा फरक लक्षात ठेवून तो प्रयोग वाचावा. त्यातलं घेण्यासारखं आहे ते विचारणं. आपल्या कारखान्यांत म्हाताऱ्या माणसाला लोक नमस्कार करतात, त्याच्या पाया पडतात, पण त्याचं काम कुठे अडतं हे त्याला विचारत नाहीत.

पोराची तक्रार

काकांच्या जोडीला जो पोरगा दिला तो चोविशीतला, ठेकेदाराच्या चौघांतला सगळ्यात चुणचुणीत. महिन्याभरात त्याने छोट्या सेठला स्पष्ट सांगितलं, "भाऊ, वर मी चढतो, हात काळे माये होते, अन् पगार काकाले जास्त."

सेठने त्याला अनुभवाची थोरवी सांगितली. तेवढ्याने भागत नाही. त्या पोराचं म्हणणं रास्त होतं. कामाचे दोन भाग केले तर मोबदल्याचेही दोन भाग करावे लागतात, नाहीतर तरुणाच्या डोळ्यांत म्हातारा फुकटखाऊ ठरतो आणि जोडी मोडते. शेवटी काकांच्या पगारात शिकवण्याचा भत्ता वेगळा दाखवला गेला. पोराला असं ठरवून दिलं की जेवढी मशीन तो काकांच्या मदतीशिवाय जुळवू शकेल, आणि काका ती पाहून मान्य करतील, तेवढी वाढ त्याला मिळेल. आता पोराला शिकण्यात आणि काकांना शिकवण्यात फायदा होता.

तरीही एक गाठ सुटेना. काका सगळं शिकवत होते, पण रोलच्या दाबाची वेळ आली की पोराला पाना आणायला पाठवायचे, नाहीतर चहाला. तो परत येईपर्यंत काम झालेलं असायचं. काही दिवस हे पाहिल्यावर मी सेठला म्हटलं, की त्या माणसाला एकदा शाल-श्रीफळ मिळालेलं आहे. हा पोरगा तयार झाला की दुसऱ्यांदा मिळेल हे त्याला दिसतंय. हातातली शेवटची वस्तू तो कशाला देईल?

यावर उपाय कागदाचाच होता. पुढचे तीन हंगाम काम पक्कं, पोरगा पूर्ण तयार झाला तरीही, असं जिनिंगच्या छापील कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. काकांनी तो कागद मुलाकडून दोनदा वाचून घेतला. त्यानंतर पोराला चहाला पाठवणं थांबलं.

मग उलट दिशेनेही शिकणं सुरू झालं. पोराने काकांना पॅनेलवरचा अँपिअरचा काटा दाखवला. दाब जास्त झाला की मोटरवर भार येतो आणि काटा चढतो. काका तळहात ठेवून "तापलं" म्हणायचे तेव्हा काटा कुठे असतो ते पोराने प्रत्येक मशीनचं लिहून ठेवलं. ओल्या कापसाला कुठे, कोरड्याला कुठे, फरदडीला कुठे, तेही. काकांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवलं, त्यांच्याच वऱ्हाडीत, छोट्या छोट्या तुकड्यांत. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं नागपूरला जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे. दुसऱ्या वर्षी पोराला तिथे पाठवायचं ठरलं तेव्हा विचारायचे प्रश्न काकांनीच काढून दिले.

जवळचं न दिसणाऱ्या बाया

भारतीय रुईवर जुना ठपका आहे कचऱ्याचा. कास्तकार कापूस खताच्या रिकाम्या पिशव्यांत भरून आणतो, त्यामुळे प्लॅस्टिकचे धागे येतात. सोबत सुतळी, केस, पिसं, गुटख्याच्या पुड्या. प्लॅस्टिकचा एक धागा रुईत गेला तर सुताच्या गिरणीतून तो कापडापर्यंत पोहोचतो आणि तिथे उठून दिसतो, कारण त्याला रंग चढत नाही. हा कचरा बाया हाताने वेचतात. इथल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, सकाळपासून फरशीवर उकिडव्या बसणाऱ्या.

त्यांच्या हातून धागे सुटतात अशी प्रेसवाल्याची तक्रार होती. मुकादमाचा उपाय ठरलेला: म्हाताऱ्या काढा, पोरी आणा. पोरी आणणार कुठून, हा प्रश्न त्याने सोडवला नव्हता. एका बाईने मात्र आपणहून सांगितलं, "दूरचं मस्त दिसते जी. रस्त्यावरची एस्टी वयखतो मी. हातातलंच दिसत नाही."

चाळिशीनंतर जवळचं धूसर होणं सगळ्यांनाच होतं. शिकलेला माणूस चाळिशीचा चष्मा लावून मोकळा होतो. ज्या बाईला वाचायचं नसतं तिला चष्मा लागतो हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांवर एक मोठा अभ्यास झाला, 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. जवळच्या नजरेचा साधा चष्मा दिलेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. चहाचं पान आणि कापसातला धागा, दोन्ही हातभर अंतरावरचीच कामं आहेत.

जिनिंगमध्ये नेत्रतपासणी झाली आणि बहुतेक बायांना चष्मा निघाला. दोघींना मोतीबिंदू होता. चष्मे आल्यावर पहिल्या आठवड्यात निम्म्या जणींनी ते पदराला बांधून ठेवले, लोक हसतील म्हणून. मग त्यांच्यातली सगळ्यात मोठी, जिला सगळ्या आजी म्हणतात, ती लावून बसली. त्यानंतर बाकीच्याही लावू लागल्या.

बसण्याचा प्रश्न सोडवताना गडबड झाली होती. उभ्याने काम करायचा पट्टा आणला आणि बायांनी दोन दिवसांत नकार दिला, पाय भरून येतात म्हणून. फरशीवर बसलं तर उठवत नाही, उभं राहिलं तर पाय सुजतात. त्यांनी स्वतःच सांगितलं की टेबल कमरेइतकं ठेवा आणि पाठीला टेका असलेली बाकडी द्या, मन होईल तेव्हा उभं राहू, मन होईल तेव्हा बसू. तसंच केलं. नाका-तोंडाला सुती फडकं आणि दर दोन तासांनी बाहेर मोकळ्या हवेत दहा मिनिटं, हेही ठरलं. मार्चच्या मध्यापासून साठीपुढच्या सगळ्यांची सुट्टी दुपारी बारालाच होते. पत्र्याच्या छताखाली विदर्भातलं ऊन कसं असतं ते सांगायची गरज नाही.

हमालांना जागा सापडली नाही

सगळंच जमलं असं नाही. 170 किलोची गाठ लोटणाऱ्या साठीच्या हमालाला कुठलं स्टूल देणार? त्यांच्या कामात गुडघ्या-पाठीचा भाग वेगळा काढावा तर मागे काहीच उरत नाही असं आधी वाटलं. त्यातल्या एकाला, शिरस्त्याप्रमाणे, चौकीदार केलं. म्हातारा झाला की चौकीदार, ही आपली सगळीकडची रीत आहे आणि मला ती मुळीच पटत नाही. रात्रीचं जागरण, पौष-माघातली थंडी, एकटेपण, दिसायला कमी आणि अंधारात चालायचं. म्हाताऱ्या शरीराला सगळ्यात वाईट असेल ते काम आपण हलकं काम म्हणून देतो. तो हमाल पंधरवड्यात घरी बसला.

दुसऱ्याचं वेगळं झालं. गाड्या रिकाम्या करण्यात त्याची हयात गेली होती. फाटकावर माल पाहणाऱ्या ग्रेडरच्या मदतीला त्याला उभं केलं. गाडी आली की तो वरचा पांढराशुभ्र थर बघतच नाही. बाजूने कोपरापर्यंत हात आत घालतो, तळाची मूठ काढतो, दाबून सोडतो, किती फुलते ते पाहतो. एक सरकी दाताखाली धरून फोडतो. कट्‌ आवाज आला तर माल कोरडा. वर चांगला आणि खाली कवडी, म्हणजे किडका कापूस, लपवलेली असेल तर त्याच्या हाताला ती लागते. नंतर मीटर लावतात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि 12 टक्क्यांच्या वर माल परत, हे गणित सगळ्या कास्तकारांना पाठ असतं, त्यामुळे खासगी फाटकावरही ओलाव्यावरून वाद होतात. या माणसाने "माल ओला हाय भाऊ, दोन दिस वाळव, मंग आण" म्हटलं की कास्तकार ऐकतो, कारण तो त्याच्याच गावचा आणि त्याने त्याच्या बापाच्याही गाड्या रिकाम्या केलेल्या.

पण अशी जागा एकाच माणसाची होती. बाकीच्या हमालांसाठी गाठी ढकलायची हातगाडी आली, वजन थोडं कमी झालं, वयाचा प्रश्न तसाच राहिला. या कामात माणूस पन्नाशीत मोडतो आणि त्यावर जिनिंगच्या आत उत्तर नाही. त्याचं उत्तर पेन्शनमध्ये आहे.

वहीत नसलेली वर्षं

आता माझ्या कामाचा भाग. काकांच्या तीस हंगामांचे कागद काढले तेव्हा मला खरोखर राग आला. पीएफच्या दोन वेगवेगळ्या खात्यांत तुकडे पडलेले, एका ठिकाणी आडनाव चुकलेलं, आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, कारण नोंदवताना फक्त साल माहीत होतं. आणि त्यांच्यासकट जिनिंगमध्ये सगळ्यांचा समज असा की आपण हंगामी, सहा महिनेच काम करतो, आपल्याला पेन्शन कुठली!

कायदा काय म्हणतो ते प्रत्येक जिनिंगच्या फाटकावर लिहून लावावं असं मला वाटतं. कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये स्पष्ट तरतूद आहे: हंगामी कामगाराने वर्षात जितकी प्रत्यक्ष सेवा केली असेल ती वर्षापेक्षा कमी असली तरी पूर्ण एक वर्ष धरायची. म्हणजे एक हंगाम बरोबर एक वर्ष. 10 वर्षं भरली की 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क. 2014 पासून किमान पेन्शन महिना 1,000 रुपये आहे. रक्कम तोकडी आहे, मान्य. पण ज्या घरात दुसरी ठराविक आवक नाही तिथे ती औषधाची सोय असते. पेन्शन 58 ऐवजी 60 पर्यंत पुढे ढकलली तर दर वर्षाला 4 टक्के वाढवून मिळते.

उपदानाचंही, म्हणजे ग्रॅच्युइटीचंही, तसंच. 1972 च्या कायद्यापासून हंगामी कामगाराला दर हंगामाचे 7 दिवसांचे पैसे मिळतात, आणि कारखाना जितके दिवस चालला त्यातले किमान 75 टक्के दिवस हजेरी असेल तर त्याची सेवा सलग धरतात. मधले कुलपाचे महिने सेवा तोडत नाहीत. काकांचे तीस हंगाम म्हणजे 210 दिवसांचा पगार. त्यांना शाल दिली तेव्हा ही रक्कम त्यांची हक्काची होती, आणि ती कोणी मोजलीही नव्हती. छोट्या सेठला हा हिशेब दाखवला तेव्हा तो गप्प झाला. मग दिवाणजींना बोलावून सगळ्या जुन्या माणसांचे हंगाम मोजायला बसवलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

आणखी एक पोकळी मालकांनी ध्यानात घ्यावी. कापसाचं जिनिंग-प्रेसिंग हंगामी कारखान्यात मोडतं, म्हणून तिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही. अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकावर येते. भरपाई काढताना पगाराच्या ठरावीक हिश्शाला ज्याने गुणतात तो गुणक वयानुसार घटतो, 40 व्या वर्षी 184.17 तर 60 व्या वर्षी 117.41. म्हाताऱ्याचा जीव कायद्याच्या कोष्टकातही स्वस्त होत जातो. जिन्याचा कठडा आणि भरपाईचा विमा, दोन्ही त्याच हंगामात झाले.

उरलेलं काम

काका यंदा चौथ्या हंगामाची बोलणी करत आहेत, रोज चारच तास, बाकी पोरगा सांभाळेल या बोलीवर. पोरगा ठेकेदाराकडून सुटून जिनिंगच्या हजेरीवर आला आहे.

कचरा वेचणाऱ्या बाया मात्र अजून मुकादमाच्याच वहीत आहेत. ठेकेदारामार्फत आलेला कामगारही भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने कामगारच असतो आणि त्याची जबाबदारी शेवटी कारखान्यावर येते, हे सेठला माहीत आहे. तो म्हणतो, आणखी एक हंगाम थांबू, रुईला भाव नाही. मी त्याला वयांची यादी दाखवली आहे. ज्या अठ्ठेचाळीसच्या पुढे गेल्या त्यांचं पेन्शनपुरतं नुकसान होऊन गेलं. 58 च्या आत 10 हंगाम भरणं आता शक्य नाही. त्यांना 65 व्या वर्षानंतर श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये, तेही पात्र ठरल्या तर. श्रमयोगी मानधन योजनेत चाळिशीनंतर शिरताच येत नाही, त्यामुळे ती वाटही बंद. पण 48 च्या आतल्या ज्या आहेत त्यांचे 10 हंगाम अजून भरू शकतात, आणि यादीतल्या दोघी याच वर्षी 48 च्या होतात. या दोघींसाठी आणखी एक हंगाम थांबणं म्हणजे उशीर.

त्यांच्या आधार-दुरुस्तीचे अर्ज भरून झाले आहेत, बँकेची खाती उघडली आहेत. दसऱ्याआधी त्यांची नावं जिनिंगच्या हजेरीत चढायला हवीत आणि पहिल्या महिन्यापासून त्यांची वर्गणी भरली जायला हवी. छोट्या सेठशी माझं बोलणं चालू आहे, आणि मोठे सेठ या एका बाबतीत माझ्या बाजूने आहेत.